दांडीचा टवका

पन्नासच्या दशकात वर्ध्याहून एक मासिक निघायचं. त्याच्या मुखपृष्ठावरचं ठसठशीत नाव माझ्या बाबांनी ब्रशने रेखाटलं होतं. सुताराने ते सागवानात कोरलं आणि मासिक बंद पडेस्तोवर त्याच ठशाने छापलं गेलं. बाबांचं नाव आत कुठेही आलं नाही. संपादक म्हणायचे, सेवेच्या कामात नावाचा सोस कशाला? त्यांचं स्वतःचं मात्र दर अंकात असायचं.

एकदा छापखान्यात ठसा खाली पडला आणि शेवटच्या अक्षराच्या उभ्या दांडीचा टवका उडाला. नवा ठसा करायची कोणाला गरज वाटली नाही. तेव्हापासून अंक घरी आला, की बाबा तो पालथा ठेवत. "मले नाई पाहवत," म्हणत.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीने मला मोबाइलवरच्या एका गटात घातलं. जुन्या मासिकांच्या नावांचा टाइप, म्हणजे छापखान्याचे तयार खिळे कुठले, ते ओळखणारे जाणकार तिथे जमतात. आमच्या मासिकाचं मुखपृष्ठ आलं आणि त्यांची जुंपली. एक म्हणाला मुंबईचा शिशाचा टाइप, दुसरा म्हणाला कलकत्त्याचा. तुटक्या दांडीला तर त्यांनी खास शैलीच ठरवून टाकलं. मी लिहिलं, हा टाइप नाही, माझ्या वडिलांच्या हातचं अक्षर आहे, आणि तो टवका आहे. उत्तर आलं, "पुरावा आहे का, आजी?"

असा संताप आला! बापाचं अक्षर लेकीने ओळखलं, ते पुरत नाही. पुढे त्यातल्याच एकाने त्या चार अक्षरांवरून अख्खी वर्णमाला बेतली आणि स्वतःच्या नावाने फॉन्ट काढला. आयत्या बिळावर नागोबा. दांडी दिसली की टवका, असा तो फॉन्ट.

यंदा आई गेली. तेरवीची पत्रिका छापायला भाऊ आणि मी वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेला गेलो. दुकानदाराने स्क्रीन आमच्याकडे वळवली. "ताई, हाच फॉन्ट घ्या. लय चालून राह्यला सध्या."

भाऊ लगेच हो म्हणाला. त्याला काही ओळखू आलं नाही. पुन्हा कोणाकडून "पुरावा आहे का" ऐकून घ्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पत्रिकेवर आईचं पूर्ण नाव होतं, आणि त्यात मधलं नाव बाबांचं. बाबांच्या अक्षरात बाबांचं नाव छापलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यालाही टवके होते.

घरी येऊन मी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"उलटा काऊन ठेवला?" भावाने विचारलं.

"मले नाई पाहवत," मी म्हटलं.