ताकभात आल्याशिवाय उठायचं नाही

परदेशीपुऱ्यातल्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरचे किस्से एवढे साचलेत, की एक सांगायला घेतला तर बाकीचे धक्काबुक्की करतात!

गिरण्या बंद पडल्या होत्या. नव्या कारखान्यात भरती निघाली आणि गिरणी कामगारांची प्रवेशपत्रं छापायचं काम आम्हाला मिळालं. पत्र नाही तर परीक्षा नाही. ‘कॉम्प्युटर नोकऱ्या खातो’ म्हणणाऱ्यांना आम्हाला दाखवून द्यायचं होतं. एकही माणूस सुटता कामा नये!

कामगार येऊन नावं सांगणार, सेंटरमधले सुनंदा आणि दिनकर ती टाइप करणार, ती कॉम्प्युटरमधल्या रांगेत लागणार, तिसरं मशीन एकेक उचलून छापणार. त्याचा प्रोग्राम माझा. रांग रिकामी झाली की आपोआप बंद!

*

पहिल्याच सकाळी दोघं पोहे खायला गेले. परतून धडाधड टाइप करायला लागले, तर प्रिंटर गप्प! रांग रिकामी दिसताच माझा प्रोग्राम ‘काम पूर्ण’ लिहून मोकळा झाला होता.

दिनकर म्हणाला, “भिया, तेरा प्रोग्राम तो सरकारी निकला!”

*

मी चिडून तो कधीच थांबणार नाही असा केला. संध्याकाळी क्लासची मुलं आली, तरी तो मशीन अडवून बसलेला.

एकाने विचारलं, “सर, हा कोणाची वाट बघतोय?”

मलाही माहीत नव्हतं!

*

सुनंदा म्हणाली, “पान रिकामं दिसलं म्हणून पंगतीतून कोणी उठतं का? वाढपी फिरून येणार असतो. ताकभात आला की समजायचं, आता काही येणार नाही.”

बस्स! काम संपलं की टाइप करणाऱ्याने रांगेत शेवटी ‘ताकभात’ पाठवायचा. तो मिळाला की प्रोग्राम बंद.

*

दिनकरचं आधी आटोपलं. त्याने ताकभात पाठवला आणि प्रोग्राम उठून गेला. सुनंदा अजून टाइपच करत होती!

“वाढपी दोन आहेत रे!” ती ओरडली.

मग दोघांचे ताकभात आल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलं. त्यानंतर एकही पत्र सुटलं नाही. कॉलेजात असलं काही कोणी शिकवलं नव्हतं!

*

शेवटच्या दिवशी कारखान्याचे साहेब सही-शिक्का घेऊन हजर. पाच वाजले. दिनकरचा ताकभात गेलेला, रांग रिकामी, सुनंदा स्वस्थ बसलेली.

“खाली है ना? बंद करो!” साहेब म्हणाले.

मी म्हणालो, “खाली है सर. खत्म नहीं हुआ. खजरान्याहून एक जण निघालेत, निरोप आलाय.”

“पाच म्हणजे पाच!”

सुनंदा हलली नाही. मीही नाही.

तेवढ्यात सायकल भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. गिरणीत माग चालवणारे, साचेखात्यातले भालेराव, घामाने निथळत, दारात उभे.

“झालं का हो बंद?”

सुनंदाने नाव टाइप केलं. प्रिंटर करकरला. साहेबांनी पत्र वाचलं, भालेरावांकडे बघितलं, सही केली, शिक्का मारला.

सुनंदाने ताकभातासाठी बोट उचललं.

“रुको,” साहेब म्हणाले. आणि स्वतः बाहेर जाऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत उभे राहिले.