देवपूरला उतरलेले मासे

माझ्या मायचा स्वभाव संशयी, आणि तो माझ्यात पुरेपूर उतरला आहे. त्यामुळे आबा आणतात ते मासे वर्षागणिक लहान होऊ लागले, तेव्हा आम्हा दोघींचा संशय एकाच घरावर गेला. सोनगीरजवळ आमचं गाव, आणि धुळ्यात देवपूरला आत्या. आबा रविवारी सकाळी गावच्या तळ्यात जाळं टाकतात, बाजाराला जाताना बहिणीकडे तिचा वाटा देतात आणि उरलेले मासे घरी आणतात.

"मोठा मासा देवपूरलेच उतरी जातस," माय म्हणायची. आबा नाही म्हणायचे आणि जेवायला बसायचे. त्यांच्या शब्दाला गावात मान आहे. घरात मात्र तो माशांपुरता बुडाला होता. चोराच्या मनात चांदणं, असंच मला त्या एका शब्दाच्या नकारावरून वाटायचं.

या उन्हाळ्यात मी न कळवता आत्याकडे गेले. जेवायला वाढताना तिनेच विचारलं, "तुना बाप मोठा मासा घरच ठेवस का वं?" तिचीही तीच तक्रार, कित्येक वर्षांची. मला हसू आलं आणि लगेच काळजी वाटली, की मग तिसरं घर कोणतं?

पुढच्या रविवारी माय विळीवर मासे साफ करत होती. वीतभराहून जेमतेम मोठा शिंगाळा, आणि पोट गाभोळीने भरलेलं. पूर्वी एवढ्या माशात अंडी सापडत नसत. ती हातभर माशातच असायची. तिने आबांना हाक मारली.

"हाई पोर नही, माय शे," ती म्हणाली.

आमच्या गावाचा जुना दंडक आहे: वीत न भरलेला मासा पाण्यात परत सोडायचा. आबा तो सगळ्यांत कडक पाळत आणि त्याचा त्यांना फार अभिमान. ते विळीसमोर उकिडवे बसून राहिले.

"दादर जवारीनं मोठं कणीस आपण बियाणाले ठेवतस," ते म्हणाले. "तळामा उलटं करं. मोठा बठ्ठा खाई टाकात, बारका बियाणाले ठेवात."

त्यांचा चेहरा पाहवेना. मायने त्या दिवशी मासे शिजवले, पण कुणी चवीने खाल्ले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी आबा रिकाम्या हाताने आले. हातभर शिंगाळा जाळ्यात आला होता, सोडून दिला, म्हणाले. पारावरची माणसं हसली होती. मायने काही न विचारता भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांच्यावर विश्वास ठेवायची मला मनापासून इच्छा होती, पण स्वभावाला औषध नाही. मी मागच्या दारी जाऊन आत्याला फोन लावला आणि आज मोठा मासा आला का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.



"नही," ती म्हणाली. "पन तू असं इचारं व्हतं, हाई तुना बापले सांगू नको."