रिकाम्या हॉलमधल्या टाळ्या

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. स्वतः कधी लिहीन असं वाटलं नव्हतं, कारण असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या घरात तर नाहीच. वडील रोज संध्याकाळी विहारात जायचे आणि आम्हा भावंडांना सांगायचे, "बुद्धीला पटेल तेवढंच धरा." त्यात माझा धंदा आवाजाचा. विचित्र आवाज आला की लोक देवाचं नाव घेतात, मी आधी वायर तपासते...

मी सोलापूरची. जुळे सोलापूरला दोन खोल्यांत राहते. कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग करते — भजनी मंडळं, भीमगीतं, शाळांची गॅदरिंग — आणि घरी बसून ते साफ करून देते. लग्न टिकलं नाही, आईवडील गेले, भाऊ पुण्यात असतो. दिवसभर कानात माणसांची गर्दी, आणि हेडफोन काढला की फ्रीजची घरघर. तक्रार नाही ही. पण पुढचं सांगताना हे लपवून चालणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात नरसय्या मास्तरांचा फोन आला. मास्तर पूर्व भागातले, म्हणजे मागांच्या वस्तीतले, तेलुगू घरातले. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत आले. शहरातल्या अर्ध्या वराती त्यांनी वाजवल्या असतील.

"ताई, जन्मभर चालत वाजवलं बघा," ते म्हणाले. "म्होरं घोडा, मागं नाचणारी पोरं. कोण ऐकतंय? एकदा बसून वाजवायचंय. लोकं समोर बसलेत, गप ऐकतेत... असं. तुमी रेकॉर्ड करा."

"करू की मास्तर. दिवाळीनंतर घ्या, गारवा असतो."

"दिवाळी कुटली ओ! म्होरल्या आठवड्यात डाक्टर दात काढणार हाय. सगळे. हिरड्या गेल्यात. दात नसले तर क्लॅरोनेट तोंडात धरणार कसं? संपलं मग."

मी हो म्हणाले.

एका ट्रस्टचा छोटा हॉल त्यांनी घेतला. स्वतः घरोघर जाऊन आमंत्रणं दिली. ज्यांच्या लग्नात वाजवलं होतं त्यांच्या घरी, त्यांच्या पोरांच्या घरी. सगळे म्हणाले, "येतो की मास्तर!" आणि नेमकं त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी मोठं लग्न निघालं. हॉलमध्ये आली दहा-बारा माणसं. पुढच्या दोन रांगा कशाबशा भरल्या. बाकीच्या खुर्च्या उघडल्याच नाहीत, भिंतीला टेकवून तशाच ठेवल्या.

मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टेजवर बसले होते. दाराकडे बघत होते. बराच वेळ गेला. शेवटी तबल्यावरच्या रफीकभाईंना म्हणाले, "चला, सुरू करू."

आणि काय वाजवलं हो त्या माणसानं! डोळे मिटून, अगदी सावकाश. प्रत्येक चीज संपली की हात जोडायचे — पहिल्या रांगेला, मग मधल्या जागेला, मग पार मागच्या भिंतीपर्यंत. जिथं कुणीच नव्हतं तिथंही. मला ते बघवेना. मी मान खाली घालून रेकॉर्डरचे काटे बघत राहिले.

माईक तीन लावले होते. एक क्लॅरोनेटला, एक तबल्याला, आणि एक हॉलच्या मधोमध, मी बसले होते तिथंच स्टँडवर, सभागृहाचा आवाज घ्यायला. माझ्या कानात फक्त क्लॅरोनेटचा चॅनेल चालू होता. तिसरी-चौथी चीज सुरू झाली आणि त्याच चॅनेलमध्ये करकर सुरू झाली. मी वाकून जाऊन केबल बदलली. करकर तशीच. मग मध्येच आवाज ठार बंद, मग परत करकर. मास्तरांना थांबवायचं म्हटलं तर त्यांचा चेहरा बघून धीर होईना. आणि परत वाजवा असं तरी कुठल्या तोंडानं सांगणार? आठवड्याभरात दातच जाणार होते.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "बघा ताई, काय निघतंय का."

काही दिवस मी त्या फायली उघडल्याच नाहीत. भीती वाटत होती. मग एका दुपारी बसले. बाहेर रणरणतं ऊन. काम करताना मला कूलर बंद करावा लागतो, खिडक्याही. घामानं हेडफोन ओले झाले होते. क्लॅरोनेटचा ट्रॅक निम्म्याहून जास्त वाया गेला होता. एकच उपाय होता — हॉलमधल्या माईकनं लांबून पकडलेला क्लॅरोनेटचा सूर उचलायचा आणि जिथं जिथं भोक पडलंय तिथं भरायचा. म्हणून तो हॉलचा ट्रॅक मी पहिल्यांदा लावला.

आधी माझाच आवाज, "चेक, चेक." पंख्याचा आवाज. मास्तरांची पहिली चीज. क्लॅरोनेट इतकी स्वच्छ आली होती की मला हायसं वाटलं. चीज संपली...

आणि टाळ्या. दहा-बारा माणसांच्या नाहीत. मला आधी वाटलं हॉलशेजारच्या कारखान्यातले माग एकदम सुरू झाले. खच्चून भरलेल्या हॉलच्या टाळ्या होत्या त्या. मागून कुणीतरी "वा मास्तर!" म्हणालं. बांगड्या वाजल्या. एक पोर रडलं आणि बाईनं त्याला तेलुगूत दटावलं. मग सगळे शांत झाले. शेकडो माणसं एकदम शांत होतात ना, ती शांतता वेगळी असते. रिकाम्या हॉलची तशी नसते. एवढं तरी मला कळतं.

मी हेडफोन काढला. घर बघितलं. परत घातला.

भुताबिताचा विचार मनातही आला नाही तेव्हा. जुनी फाईल मिसळली असेल म्हणून तपासलं. कार्ड कोरं करूनच नेलं होतं. आणि मिसळली तरी मास्तरांची चीज संपते तिथंच टाळ्या कशा? ते "आता एक तेलुगू गाणं वाजवतो" म्हणतात, तिथंच खुशीची कुजबुज कशी? मग तबल्याचा माईक लावला. तोच क्षण, तोच हॉल. त्याच्यावर मोजक्या माणसांच्या विरळ टाळ्या, आणि मग नुसता पंखा.

एका खोलीतले दोन माईक. एकावर दहा-बारा माणसं, दुसऱ्यावर सगळा गाव.

रफीकभाईंना फोन लावला. "त्या दिवशी लोक किती होते हो?"

"क्या आपा, मजाक कर रहे क्या?" ते म्हणाले. "दस-बारा लोगां थे. मैं तो सामने देखतेच बैठा था. बुरा लगा मास्तर के वास्ते."

संध्याकाळी मास्तरांकडे गेले. दात काढून झाले होते. गाल सुजलेले, तोंडावर रुमाल. मी काही न सांगता त्यांच्या कानाला हेडफोन लावला. ते ऐकत राहिले. टाळ्या आल्या तसे बसल्या जागी त्यांनी हात जोडले.

"लई लोकं आल्ती," रुमालाआडून म्हणाले. शब्द नीट उमटत नव्हते.

"मास्तर... दहा-बारा माणसं होती. तुम्हीच बघितलंय."

"सुरू केलं तवा व्हती दहा-बारा. मग येत गेली की."

"मला कुणी दिसलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, उलट मायेनंच. "ताई, तुमी सगळा वेळ मान खाली घालून मशिनीकडं बघत व्हता. वर बघितलं का एकदा तरी?"

खरंच बघितलं नव्हतं. पण रफीकभाईंनी तर बघितलं होतं! मास्तर डोळे मिटून वाजवत होते, त्यांना लोक येताना दिसले कसे? विचारावंसं वाटलं, पण त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की ते राहू दिलं. "गर्दीचा आवाज काढून टाकू का?" एवढंच विचारलं.

"नको नको!" त्यांनी माझा हात धरला. "माणसं हायत ती. काढू नका."

नाही काढली. हॉलच्या ट्रॅकवरूनच सगळी मैफल उभी केली. ते रोज ऐकतात, त्यांची सून सांगत होती.

इथपर्यंतचं मी दोघा-तिघांना सांगितलंय. एक जण म्हणाला रेकॉर्डरचा दोष, एक जण म्हणाला उन्हात काम करू नकोस. पुढचं कुणालाच सांगितलं नाही.

काम संपवताना ट्रॅकचं शेपूट कापायचं असतं, म्हणून मी शेवटपर्यंत ऐकत गेले. टाळ्या थांबतात. माणसं उठतात, चपला घासत दाराकडे जातात, आवाज विरळ होत जातो. आणि मग माईकच्या अगदी जवळून एका बाईचा आवाज येतो. वयस्कर, सोलापुरी, अनोळखी.

"त्या मशीनवाल्या बाईला कुणी च्या दिला का गं? मगापास्नं एकलीच बसलीय की."

लांबून दुसरी म्हणते, "न्हाय वाटतं. थांब, विचारते."

मग पावलं ऐकू येतात. पायातल्या जोडव्यांचा फरशीवर होणारा बारीक आवाज. जवळ येत जातो. अगदी जवळ येतो... आणि रेकॉर्डिंग संपतं. कारण तेव्हाच मी मान खाली घालून स्टॉपचं बटण दाबलं होतं.

तेवढा तुकडा मास्तरांच्या कॉपीत नाही, माझ्याकडे आहे. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. बुद्धीला पटत नाही आणि टाकूनही देववत नाही. फक्त एक विचार सुटत नाही — बटण दाबायची एवढी काय घाई होती मला?