बिनबेलची गाडी

बीडहून वडवणीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक नर्सबाई रोज खिडकीशी झोपलेली असायची. ती रात्रपाळी करून घरी निघालेली, मी कापसाच्या जिनिंगवर हिशेब लिहायला. कंडक्टरनं डबल बेल मारली की वॉर्डातली बेल वाजल्यासारखी ती झोपेतच ताडकन उठायची, "आले, आले!" म्हणायची आणि ओशाळून खाली बसायची. आधी लोक हसले. पुढं कंडक्टरनं ती गाडीत असताना बेल मारणंच सोडलं. तो पुढं जाऊन ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारायचा.

माझी पोरगी बारावी झाली होती. अकाउंट्स की नर्सिंग, यावर घरात रोज वाद. एकदा बाई जागी दिसली, म्हणून मी पोरीचं सांगून पगार विचारला. तिनं सरळ सांगितला. माझ्यापेक्षा जास्त होता.

"मग बरंय की, सिस्टर."

"पगाराचं बरंच हाय. तुमाला सुट्टी कवा असती, भाऊ?"

"रविवारी. मार्चात तेवढी न्हाई."

"मग झोपता?"

"लई."

तिनं जरा विचार केला. "पोरीची झोप कशी हाय बघा. जड आसंल तर तुमच्यावानी हिशेबातच घाला."

रविवारी दुपारी पोरगी पुस्तक तोंडावर घेऊन झोपली होती. मी दाराची कडी वाजवली. मग जोरात वाजवली. ती हलली नाही. मला बरं वाटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत माझी आई खोकली. पोरगी उठली आणि नीट डोळेही न उघडता पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली.