गुणाकाराचं चिन्ह

नानाखेड्यातल्या आमच्या ऑफिसात क्षिप्रा नदीच्या पाण्याचा अंदाज काढणाऱ्या एक ताई आहेत. प्रोग्राम चालला, तरी त्या दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचं, म्हणजे दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या आकड्यांच्या चौकटीचं, छोटं उदाहरण हातानं सोडवून पडताळतात. एकदा घाईत ‘पाणी उतरेल’ हा निरोप घाटावर आधी गेला, मग त्यांनी पडताळलं. ओळीला स्तंभानं गुणायचं होतं. प्रोग्राममध्ये चिन्ह चुकल्यानं प्रत्येक आकडा फक्त त्याच्याच जागेवरच्या आकड्याशी गुणला गेला होता.

“पण एरर तर आला नाही,” मी म्हणालो.

“कसा येईल, भाऊ? हा पण गुणाकारच आहे. बस, आपल्याला हवा तो नाही.”

चिन्ह सुधारून त्यांनी प्रोग्राम पुन्हा चालवला आणि साहेबांच्या परवानगीची वाट न बघता घाटावर फोन लावला.

“पाणी चढणार आहे. मघाशी मीच गलत सांगितलं. लोकांना वर घ्या.”

संध्याकाळी खालच्या पायऱ्या बुडाल्या, तेव्हा तिथे कोणीच नव्हतं.