तिसऱ्यांदा रक्त देणारा

सौदी अरेबियातल्या तबूक शहरातल्या दवाखान्यात मी लग्नाआधीच्या सक्तीच्या तपासणीसाठी रक्त घेते. तो तिसऱ्यांदा आला होता, तिसऱ्या लग्नासाठी. मी सांगायच्या आतच त्याने आपल्या पायघोळ थोबची बाही नीट दुमडली आणि मूठ आवळली; सराव होता.

"सिस्टर, हल्ली तलाक फार वाढलेत," तो म्हणाला. "बायकांना गाडी मिळाली, नोकरी मिळाली. पहिली माझ्यासाठी जेवायची थांबत नसे. दुसरी तर मलाच विचारायची, कुठे होतास म्हणून."

सुई माझ्या हातात होती, तरी मी सभ्यपणे मान डोलावली.

मग फॉर्मसाठी होणाऱ्या बायकोचं नाव विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने आईला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"गाडी चालवत असेल," तो पुटपुटला.