सिंदेवाहीकडचा तलाव आणि आरशाचं व्यंगचित्र

एप्रिल लागला की चंद्रपुरातला शहाणा माणूस दुपारचा घराबाहेर पडत नाही. मी पडलो. सकाळी निघायचं ठरवलं होतं, पण गाडीचं पंक्चर काढून घेण्यात सकाळ गेली. डोक्याला ओला दुपट्टा बांधला, दोन बाटल्या पाणी घेतलं आणि मूल गावच्या रस्त्याला लागलो. बायको म्हणाली, "चित्रासाठी कोनी एवढ्या उन्हात जाते का?" चित्रासाठी नाही, चित्र काढणारीसाठी चाललो होतो, पण हे तिला समजावत बसलो असतो तर संध्याकाळच झाली असती.

हा ब्लॉग नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी अन्वर. अब्बा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या पाठीवरच्या. मग फ्लेक्स आलं आणि आमच्या घरातले ब्रश वाळून कडक झाले. मी फ्लेक्सच्याच दुकानात संगणकावर बसतो आणि उरलेल्या वेळात व्यंगचित्रं काढतो. शिकलो कुणाकडे नाही. खोडत खोडत हात बसला. माझ्यासारखेच खोडणारे इंटरनेटवर भेटत गेले आणि त्यातून 'रेघोट्या' हा आमचा समूह उभा राहिला. वणीचे मास्तर आहेत, पुण्यातली डेंटिस्ट आहे, दुबईत क्रेन चालवणारा एकजण आहे. आम्ही एकमेकांचे चेहरे पाहिलेले नाहीत, पण कोण नाक कसं काढतो ते झोपेतही सांगू. समूहाचा नियम एकच, आणि तो माझाच: शेवटच्या चौकटीत कलाटणी पाहिजे.

आमच्यातली सगळ्यात दमदार रेघ 'बोडीवाली'ची. बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. खरं नाव वंदना. सिंदेवाहीजवळच्या एका गावात मासेमारी करणाऱ्या घरातली सून. साध्या बॉलपेननं काढते आणि सिंदेवाहीचा झेरॉक्सवाला ते स्कॅन करून समूहावर टाकतो. तिचं माशांच्या वाट्याचं चित्र तर एवढं गाजलं की लोक ते एकमेकांना पाठवत सुटले. आणि मार्चअखेरीस तिचा निरोप आला: "अन्वरभाऊ, माही सगळी चित्रं काढून टाका. मी आता काढत नाई." मी चित्रं काढून टाकली. पण करमेना. समूहातून माणसं जातात, त्याचं एवढं वाटून घेऊ नये. हिचं मला वाटलं.

चंद्रपूर ते मूल रस्ता बरा आहे. चिचपल्लीनंतर दोन्ही बाजूंनी जंगल सुरू होतं. फोटो काढायला गाडी थांबवायचा मोह होईल, थांबवू नका. वाघाला तुमचा ब्लॉग माहीत नसतो. मोहफुलांचा हंगाम होता. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली, त्यामुळे वाटेत जागोजागी काळे गोल आणि हवेत तो गोडसर, जरासा चढणारा वास. मूलला राइस मिलच्या कोंड्यानं डोळे चुरचुरतात. स्टँडसमोर तर्रीपोहे खाल्ले. तर्री जास्त मागू नका, पुढे ऊन आहे. राजोली मागं टाकून सिंदेवाहीला पोचलो तेव्हा शर्ट अंगावरच भिजून अंगावरच वाळला होता.

आधी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. माझं नाव ऐकताच त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग एकदम पडेल आवाजात म्हणाला, "मी तं कौतुकानं लावलो होतो भाऊ."

"काय लावलं होतं?"

"तेच चित्र. काचेवर. आपल्या तालुक्याची बाई हाये, नेटवर गाजून राह्यली, म्हनून प्रिंट काढून चिकटवलो. तिच्या गावचे लोक राशन कार्डाचे झेरॉक्स काढाले आले, त्यायनं पाह्यलं. मले काय माहीत, तो मानूस खरा हाये म्हनून!"

ते चित्र समजायला वाट्याची पद्धत कळायला हवी. गावातली घरं मिळून तलावात जाळं टाकतात. मासे बांधावर आणून त्यांचे सारखे वाटे करतात, घराला एक वाटा. कितीही सारखे केले तरी एखाद्या वाट्यात मोठी मरळ येतेच. म्हणून एकजण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस एका घराचं नाव घेतो. त्याला वाटे दिसत नाहीत, म्हणून कुणाची तक्रार नाही. वंदनाच्या गावात हे काम वर्षानुवर्षं सोमाभाऊ करत आले होते. वंदनानं चित्रात तेच काढलं होतं: पाठमोरा म्हातारा, काठी, नावं. फक्त शेवटच्या चौकटीत म्हाताऱ्याच्या तळहातात एक छोटा आरसा, आरशात सगळ्यात मोठी मरळ, आणि म्हातारा ओरडतोय, "तो माहा!"

मीही पोट धरून हसलो होतो.

वंदनाचं घर गावाच्या कडेला. अंगणात जाळी वाळत घातलेली. ती माझ्या कल्पनेपेक्षा तरुण निघाली आणि कल्पनेपेक्षा रागीट. पाणी दिलं, सावलीत खाट टाकून दिली आणि मी विचारायच्या आतच बोलायला लागली.

"गावात कोनी भांडलं नाई मले. हासले सारे. पन पुढच्या वाट्याले एकजन म्हने, सोमाभाऊ, आरसा आनला का? मस्करीच केली त्यानं. तं सोमाभाऊ खालीच बसले. उठलेच नाई."

"मग वाटे कोण करतं?"

"कोनी नाई धड करत. एक उभा राह्यला तं दुसरा म्हने, तुह्या भावालेच चांगला वाटा काऊन गेला? दोन घरं तं आता जाळ्यालेच येत नाई." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मी का कोनाचं वाईट कराले काढलो का भाऊ? शेवटी कलाटणी पाह्यजे म्हने, म्हनून आरसा देल्लो हातात. सोमाभाऊ उभे राह्यले तं मी पेन धरीन. नाई तं नाई."

कलाटणीचा नियम कुणाचा, हे तिनं उच्चारलं नाही. तिचा नवरा मात्र माझ्याकडे बघून बारीक हसला. जेवायला आंबाडीची भाजी, भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी होती. आग्रह असा की नाही म्हणणाऱ्याचा निभाव लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं पडणार होतं, म्हणून रात्री तिथंच राहिलो. तलावाचं पाणी बरंच आत सरकलेलं, काठावरच्या चिखलाला भेगा. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात, बायका बांधावर टोपल्या घेऊन. पळसाखाली एक उंच, वाळकुडा म्हातारा तलावाकडे पाठ करून बसलेला होता. हे सोमाभाऊ, हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

वाटे मांडून झाले. आता उभं कोण राहणार? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग वंदनाचा नवरा म्हणाला, "हे पाव्हने हायेत की. यायचं गावात ना कोनी भाऊ, ना कोनी सोयरा."

मला नाही म्हणता आलं नाही. घरांची नावं दोनदा सांगितली, मी मान डोलावली आणि वाट्यांकडे पाठ करून उभा राहिलो. समोर नुसतं पाणी. मागं काठी टेकल्याचा आवाज. "हा कोनाचा?"

वाचकहो, करून बघा कधी. मान आपोआप वळायला लागते. मला मासे नको होते, गावात माझं कुणी नव्हतं, तरी काठी कुठल्या वाट्यावर टेकली हे बघायची अशी काही ओढ लागली की मी दात आवळून धरले. बायका पाठीमागं काही बोलल्या, कुणी हळूच हसलं, आणि मला वाटलं सगळं गाव माझी मानच बघतंय. हा माणूस वर्षानुवर्षं असा उभा राहिला होता. मला पहिल्यांदाच त्या शेवटच्या चौकटीची लाज वाटली.

त्या गडबडीत नावं विसरलो. "तुकाराम," म्हणालो, आणि मागं गलका झाला. तेवढ्यात पळसाखालून खणखणीत आवाज आला, "तुकारामचं झालं. मधूचं घे."

मी मधूचं घेतलं. पुढचं नाव अडलं, पुन्हा पळसाखालून आवाज. शेवटी असं झालं की नाव सोमाभाऊ घेत होते आणि मी फक्त जोरात ओरडत होतो. त्यांचीही पाठ वाट्यांकडे आणि माझीही. कुणीच कुरकुर केली नाही. सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. मलाही पळसाच्या पानात बांधून थोडे मासे मिळाले.

मला वाटलं, झालं काम. आनंदानं जाऊन त्यांच्याजवळ बसलो. "सोमाभाऊ, आता पुढच्या वेळी तुम्हीच उभे राहा. ते चित्र मी नेटवरून कधीच काढून टाकलंय."

"किती जनानं पाह्यलं होतं?"

प्रत्येक चित्राखाली पाहणाऱ्यांचा आकडा येतो. मी सांगितला. गावात एवढी माणसं नसतील.

"तुमी नेटवरून काढलं," ते म्हणाले. "त्यायच्या डोस्क्यातून कसं काढसान?"

"अहो, ते तुम्हाला ओळखत पण नाहीत. कुणी पुण्याचा, कुणी दुबईचा."

"म्हनूनच तं. इथल्यायले माहीत हाये मी कसा हावो. तिकडच्यायले एवढंच माहीत हाये का हा बुढा आरसा ठेवते." ते माझ्याकडे वळले. "माह्याजवळ आरसा नाई. दाढी मी न्हाव्याकडूनच करतो. बाईनं चित्र बाकी मस्त काढलं. माही पाठ अगदी अशीच हाये, पोक सुद्धा. मले राग नाई तिचा. पन ज्यायनं ते पाह्यलं, त्यायले हे बी दाखवा का मी पाह्यलो नाई. मंग उभा राह्यतो."

मला आधी हसू आलं, मग राग आला. एवढा कसला हट्ट! गावाचे वाटे अडलेत आणि हा दुबईतल्या क्रेनवाल्याचं मत धरून बसलाय.

वंदनाला सांगितलं तर ती आत गेली आणि पेन घेऊन आली. नवऱ्यानं मासे निवडायला घेतले, ती ओट्यावर बसून काढत राहिली. पाठमोरा म्हातारा, काठी, नावं. शेवटच्या चौकटीत त्याचे दोन्ही तळहात, उघडे आणि रिकामे. मी कलाटणीबद्दल चकार शब्द काढला नाही. सोमाभाऊंनी ते चित्र हातभर लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "हे बराबर."

परतीला मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. व्याहाडवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला मुक्काम केला. स्टँडजवळची लॉज स्वच्छ आणि स्वस्त आहेत, फक्त कूलर चालतो का ते आधी बघून घ्या. चामोर्शीहून मार्कंड्याला वाकडी वाट करून नक्की जा. नदीकाठची ती दगडी देवळं बघताना मी नेहमी मूर्तींचे हात बघतो. बोटं काढणं अजून मला जमत नाही. तिथून आष्टी, पुन्हा वैनगंगा, गोंडपिपरी, बल्लारपूर. आष्टीच्या आसपास खड्डे आहेत, घाई करू नका. गोंडपिपरीत टरबूज घ्या. गाडी चालवताना चित्र शर्टाच्या आत, पोटाशी ठेवलं होतं. घामानं एक कोपरा थोडा पसरला, वंदनाला सांगू नका.

घरी आल्या आल्या चित्र समूहावर टाकलं आणि सोबत सगळी हकीकत लिहिली. डेंटिस्टबाईंनी लिहिलं, छान. वणीच्या मास्तरांनी दोनदा वाचून उत्तर दिलं. बाकीच्यांनी विचारलं, पंच कुठाय? एकानं तर लिहिलं, आधीचं भारी होतं, तेच परत टाका. त्याच्याशी मी भांडलो. भांडून काही आकडा वाढला नाही. आरसा लोकांनी एकमेकांना पाठवला होता, रिकामे हात कोण पाठवणार? मी समूहाचा नियम काढून टाकला. ज्यांचे पत्ते होते त्यांना एकेकाला चित्र पाठवलं. तरी आकडा पहिल्याच्या निम्म्याला पोचला नाही.

परवा वंदनाच्या नवऱ्याच्या मोबाइलवर फोन केला. सोमाभाऊ तिथेच होते. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि मला खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं.

"म्हंजे अर्ध्यायनं बी नाई पाह्यलं," ते म्हणाले. "हरकत नाई. थांबतो मी."

फोन वंदनानं घेतला. ती म्हणाली, त्यांनी सांगितलं तसं सगळ्यांना सांगा भाऊ. पेन तिनं पुन्हा ठेवून दिलंय.

म्हणून हे प्रवासवर्णन. चित्र खाली लावलं आहे. आरसेवाल्या म्हाताऱ्याला हसलेल्यांपैकी तुम्ही असाल, तर हेही पाहा, आणि ज्यानं तुम्हाला ते पाठवलं होतं त्याला हे पाठवा. पाहिल्याचं खाली दोन शब्द लिहून जा, म्हणजे मला फोनवर सांगता येईल. सोमाभाऊ अजून बसूनच आहेत.